माळ्याला किती भार झेपतो?

घरातल्या माळ्याचा हिशेब आपण नेहमी जागेत करतो. नवा फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब लॉफ्ट किती आहेत हे विचारतं, ते किती फूट खोल आहेत हे पाहतं, आणि फार तर त्यांना दारं बसवून मिळतील का याची चौकशी करतं. तो लॉफ्ट किती किलो वजन पेलेल, हा प्रश्न घेणारा विचारत नाही आणि विकणारा आपण होऊन सांगत नाही. पुढची वीस-तीस वर्षं त्यावर जे चढत जातं ते केवळ जागा उरली आहे म्हणून चढतं: लग्नातली पितळी भांडी, मुलांची जुनी पुस्तकं, बंद पडलेला मिक्सर, आजीचा पाटा-वरवंटा, उरलेल्या फरश्यांची खोकी. माझं म्हणणं असं आहे की माळ्यावरच्या साठवणीतली जवळजवळ प्रत्येक गंभीर चूक या एका सवयीतून निघते. माळा सुरक्षित करायचा असेल तर सुरुवात वजनापासून करावी लागते. सरकती दारं, एकसारखे डबे, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, डांबरगोळ्या हे सगळं त्यानंतरचं काम आहे.

हा हिशेब शाळेतल्या गणिताने सुटतो. दहा फूट लांब, दोन फूट खोल आणि छतापर्यंत दोन फूट मोकळी उंची असलेला लॉफ्ट घेऊ. शहरी फ्लॅटमध्ये बेडरूमच्या एका भिंतीवर असा लॉफ्ट सर्रास आढळतो. त्यात 40 घनफूट जागा आहे. ती उशा, गोधड्या, कापसाच्या गाद्या आणि रिकाम्या सुटकेसी यांनी गच्च भरली तरी सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास राहतं. तीच जागा पुस्तकांनी, जुन्या दिवाळी अंकांनी किंवा रद्दीने भरली तर? एकावर एक रचलेल्या छापील कागदाचं वजन घनफुटाला साधारण 20 किलो भरतं, म्हणजे एकूण 800 किलो. लॉफ्टचं क्षेत्रफळ 20 चौरस फूट, अर्थात 1.86 चौरस मीटर. तेव्हा दर चौरस मीटरला 430 किलो भार आला. इमारतींवर किती भार धरायचा हे सांगणाऱ्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो, वापराचा भार धरलेला आहे. ग्रंथालयात जिथे पुस्तकांची कपाटं रांगेने उभी असतात त्या दालनांसाठी तोच आकडा तिपटीने वाढून किमान 6 किलोन्यूटन होतो, कारण कागद किती जड असतो हे अभियंत्यांना माहीत आहे. घरातला पुस्तकांनी भरलेला लॉफ्ट मात्र ज्या खोलीत आपण नाचतो, पाहुणे बसवतो, पलंग आणि कपाटं ठेवतो तिच्या जमिनीच्या दुपटीहून जास्त भार घेऊन उभा असतो. आणि तो त्या जमिनीपेक्षा पातळही असतो. तीन इंच जाडीच्या काँक्रीटच्या पट्टीचं स्वतःचंच वजन दर चौरस मीटरला जवळपास 190 किलो भरतं. सामानाचा भार त्याच्या वरचा.

वजन किती, याच्या इतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे लॉफ्ट कशावर टेकला आहे. दोन प्रकार नेहमीचे. पहिल्यात पट्टी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते आणि दोन्ही टोकांना आधार मिळतो. दुसऱ्यात ती एकाच भिंतीतून, बहुतेक वेळा दाराच्या लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईच्या पातळीवरून, छज्ज्यासारखी बाहेर आलेली असते. याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. दोन्ही टोकं टेकलेल्या लॉफ्टमध्ये वजनाने मधला भाग खाली वाकतो, खालच्या बाजूला ताण येतो आणि भेग पडलीच तर ती खालून, खोलीत उभं राहून दिसते. अशा लॉफ्टचा शत्रू म्हणजे लांबी. दर फुटामागचा भार तेवढाच ठेवून लांबी दुप्पट केली की मध्यावर येणारा वाकवणारा जोर चौपट होतो. म्हणून पाच फुटी लॉफ्टवर निर्धास्त ठेवलेलं सामान दहा फुटी लॉफ्टवर त्याच दाटीने रचता येत नाही. कॅन्टिलिव्हरचं वागणं उलटं. हात लांब करून धरलेली बादली खांद्याला जशी जड होते, तसं पट्टीच्या टोकावर ठेवलेलं वजन भिंतीजवळच्या मुळावर जोर देतं. सारखं पसरून ठेवलेलं सामान उचलून सगळंच्या सगळं पुढच्या कडेला आणलं तर मुळावरचा जोर दुप्पट होतो, वजनात एका किलोची भर न पडता. आणि इथे ताण वरच्या बाजूला असतो. भेग पडते ती लॉफ्टच्या वरच्या पृष्ठभागावर, भिंतीला लागून, ट्रंकांच्या आणि खोक्यांच्या मागे. खालून गिलावा गुळगुळीत दिसत असतो, रंगही नवा असतो, आणि ज्या जागी पहिली सूचना मिळायची ती जागा वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते. ताण वर म्हणून सळयाही वरच्या बाजूला हव्यात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली त्या दाबल्या जाऊन खाली बसणं हा बांधकामावर नेहमी घडणारा दोष आहे आणि गिलावा झाल्यावर तो डोळ्यांनी ओळखता येत नाही.

दुरुस्तीच्या वेळी होणारा एक घोळ इथेच सांगायला हवा. एका बाजूने धरलेला लॉफ्ट पुढे झुकत नाही तो त्याच्या मुळाशी असलेल्या भिंतीमुळे आणि लिंटेलमुळे. स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणून ती भिंत पाडली, दार रुंद केलं, किंवा पाइप नेण्यासाठी लॉफ्टच्या वर भिंतीत खोल खाचा मारल्या, तर लॉफ्टला मागे धरून ठेवणारी पकड सैल होते. कंत्राटदार खाली दोन टेकू लावून काम उरकतो आणि जाताना टेकू काढून नेतो. लॉफ्ट असलेल्या भिंतीला हातोडा लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवणं हा खर्च टाळण्यासारखा नाही.

काँक्रीटचा लॉफ्ट तरी बांधकामाच्या वेळी कुणीतरी आखलेला असतो. नंतर करून घेतलेले माळे बहुतेक गवंड्याच्या आणि सुताराच्या अंदाजावर उभे असतात. कडाप्प्याचा लॉफ्ट स्वस्त पडतो, वाळवी लागत नाही, पुसायला सोपा. पण दगड दाबाला बळकट आणि ताणाला कमकुवत असतो, आणि कडाप्प्याच्या लादीत सळई नसते. काँक्रीट मोडण्याआधी वाकून, तडे दाखवून इशारा देतं. कडाप्पा बहुधा इशारा न देता एकदम तुटतो. दर दोन-अडीच फुटांवर खालून आधार नसेल तर त्यावर जड सामान नकोच. लोखंडी अँगलवर प्लायवूड टाकलेला माळा चांगला होऊ शकतो, पण त्याची सगळी ताकद अँगल भिंतीत कसा धरला आहे यावर असते. जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतीत घट्ट बसणारा बोल्ट आजच्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत तेवढा धरत नाही. त्या भिंतीसाठी वेगळे फास्टनर मिळतात, आणि तरीही भार जमिनीवर उतरवणारे उभे पाय देणं सगळ्यांत चांगलं. प्लायवूडऐवजी दाबलेल्या भुशाचा बोर्ड वापरला तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तो ओल पिऊन फुगतो आणि मधोमध बसतो. राहिलं फॉल्स सीलिंग. पीओपीच्या किंवा जिप्समच्या छतावर पोकळी दिसते म्हणून तिथे काही ठेवायचं मनातही आणू नये. ती चौकट स्वतःचं वजन आणि दिवे यांच्यापुरती तारांवर आणि पातळ पट्ट्यांवर टांगलेली असते.

जागेच्या मानाने घरातला सगळ्यांत जड माळा मात्र पुस्तकांचा नसतो, न्हाणीघरावरचा असतो. ज्या इमारतींत पाणी ठरावीक वेळेला येतं तिथे न्हाणीघराच्या लॉफ्टवर प्लॅस्टिकची टाकी बसवणं सर्वमान्य झालं आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे ठाऊक असूनही टाकी विकत घेताना आपण लिटरच मोजतो. 500 लिटरची भरलेली टाकी अर्धा टन असते. ती तीन फूट बाय तीन फूट जागेवर उभी राहिली तर त्या जागेवर दर चौरस मीटरला सुमारे 600 किलो भार येतो, मानकाने राहत्या खोलीसाठी धरलेल्या भाराच्या तिप्पट. न्हाणीघराची रुंदी कमी असल्यामुळे आणि लॉफ्ट दोन्ही बाजूंनी टेकलेला असल्यामुळे पुष्कळदा हे निभावतं. पण हाच लॉफ्ट खालून गिझरच्या वाफेने आणि वरून टाकीच्या पाझराने सतत ओला राहतो. ओलीने सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि आतून दाब येऊन काँक्रीटचे पोपडे सुटतात. न्हाणीघराच्या लॉफ्टला खालून तपकिरी डाग, फुगवटा किंवा उघडी सळई दिसली तर टाकी आधी रिकामी करावी आणि मग माणूस बोलवावा. 200 लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरून भागत असेल तर 500 लिटरची नकोच. टाकीला घट्ट झाकण हवं. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि उंचावरची टाकी उघडी राहिलेली कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आमचा लॉफ्ट तीस वर्षं एवढंच सामान घेऊन उभा आहे, काही झालेलं नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण अभियंते सुरक्षिततेसाठी हातचा राखून आखणी करतात आणि म्हणूनच बहुतेक लॉफ्ट पडत नाहीत. पण तीस वर्षांपूर्वीचा लॉफ्ट आणि आजचा लॉफ्ट एकच वस्तू नाही. काँक्रीट आणि लाकूड दोन्ही सततच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतात. भार काढला तरी सगळं वाकणं परत जात नाही. दरम्यान सळया गंजत असतात. किनाऱ्याजवळच्या शहरांत, मुंबईपासून रत्नागिरी-मालवणपर्यंत, खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडतं. भार मात्र वर्षागणिक वाढतच असतो, कारण माळ्यावरून काही खाली उतरणं दुर्मीळ. राखलेला हातचा दोन्ही बाजूंनी खर्च होत जातो. तीस वर्षं टिकला यावरून एवढंच सिद्ध होतं की आजवरच्या सर्वांत जड दिवशी तो पुरेसा मजबूत होता.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. आमच्या गावच्या घराच्या माळ्यावर पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सामान ठेवलं, तेव्हा कुठे किलोन्यूटन मोजत होते, असं लोक म्हणतात. किलोन्यूटन मोजत नव्हते हे खरं, पण वजनाचा विचार मात्र पक्का होता. जुन्या वाड्याचा कडीपाट पाहावा. तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या सागवानी कड्या, त्यांच्यावर फळ्या, आणि दोन तुळयांमधलं अंतर खणाच्या मापात बांधलेलं. लांबी आखूड ठेवली की माळा वाकत नाही, हे सुताराला अनुभवाने माहीत होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जड धान्याची मुख्य साठवण बहुतेक करून खालीच असे. कणग्या जमिनीवर उभ्या राहत, बळद भिंतींच्या आधाराने घराच्या तळाशी असे, आणि पेव तर जमिनीच्या पोटातच. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं याच विचारातून खोदलेली होती: जड माल, मोठा साठा, तो जमिनीत. माळ्यावर जाई ते गवत, पेंढा, सरपण, गोवऱ्या, पेंढ्यात आढी लावलेले आंबे, बियाण्यासाठी राखलेली कणसं. म्हणजे मुख्यतः हलकं आणि कोरडं राहायला हवं ते. कोकणातल्या घरांत चुलीचा धूर माळ्यावर साठून कौलांतून बाहेर पडे; त्या धुराने लाकूड कोरडं राही आणि किडीला आळा बसे. आज त्याच घरात गॅस आला, कौलांखाली छत लागलं, धूर थांबला, आणि जुन्या माळ्यावर लोखंडी कपाट, सिमेंटच्या उरलेल्या गोण्या, बंद फ्रीज चढला. वासा पोखरला गेला असेल तर बाहेरून तो सुरेख दिसत राहतो. टोकदार पेचकस रुतवून पाहिल्याशिवाय किंवा ठोकून पोकळ आवाज ऐकल्याशिवाय समजत नाही. परंपरेचा दाखला द्यायचा तर तिची सगळी शिस्त घ्यावी लागेल, आणि ती शिस्त जड खाली ठेवा असंच सांगते.

उंचावरच्या वजनाचं आणखी एक रूप महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि धाराशिव भागातल्या गावांमध्ये सुमारे आठ हजार माणसं दगावली. भूकंप 6.2 तीव्रतेचा, जगाच्या मानाने मध्यमच. घरं मात्र मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती आणि त्यांच्यावर माळवद होतं, लाकडी छतावर मातीचा जाड थर. हा थर उन्हाळ्यात घर गार ठेवी आणि लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला. हादऱ्यात भिंती उकलल्या आणि झोपलेल्या माणसांवर ते वजन आलं. लॉफ्टवरचं सामान आणि माळवद यांची बरोबरी मी करत नाही. काँक्रीटच्या चौकटीची इमारत त्या घरांहून पुष्कळ बळकट असते. पण तत्त्व तेच लागू पडतं: भूकंपाचा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो, आणि डोक्यावर जितकं वजन तितका धोका. हादऱ्याची वाट पाहायचीही गरज नाही. दोन मीटर उंचीवरून निसटलेली वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग ताशी 22 किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. पितळी हंडा किंवा जातं त्या वेगाने खाली येणार असेल तर त्याच्या खाली पलंग, पाळणा किंवा मुलांचं अभ्यासाचं टेबल नसावं. पलंगाच्या थेट वर असलेल्या लॉफ्टला तीन-चार इंचांची पुढची कड किंवा दारं हवीतच, आणि तिथे फक्त कापड ठेवावं.

तिसरा आक्षेप गरजेचा. जागा आहेच कुठे? मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर 225 चौरस फुटांवरून 269 आणि मग 300 चौरस फुटांपर्यंत आलं, तेवढ्यात पाच-सहा माणसांचा संसार मावतो. चाळीतल्या खोल्यांत पोटमाळ्यावर माणसं झोपतात, मुलं अभ्यास करतात. अशा घराला माळ्यावर जड काही ठेवू नका असं सांगणं सोपं आणि निरुपयोगी आहे, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, घर लहान असेल तेव्हाच हा हिशेब जास्त कामाचा. तेवढंच सामान वर-खाली अदलाबदल करून ठेवायला एक चौरस फूटही जास्त लागत नाही. पलंगाच्या किंवा दिवाणाच्या पोटात आपण बहुधा गाद्या आणि जादा पांघरुणं ठेवतो, आणि पुस्तकं, भांडी वर चढवतो. हे उलटं करावं. पलंगाखाली पुस्तकांचा फूटभर उंचीचा थर लावला तर त्याचा भार दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आत राहतो. तो खोलीभर नसतो, बाजूच्या स्लॅबमध्ये वाटला जातो, आणि खाली पडण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या पोटमाळ्यावर माणसं राहतात त्याला मात्र माळा समजूच नये. ती राहती जमीन आहे. तिला राहत्या जमिनीइतका भार पेलता यायला हवा आणि पक्की शिडी, कठडा, हवा हेही हवं.

सगळ्यांत अवघड आक्षेप पुराच्या गावांचा आहे. कोल्हापूर-सांगलीने ऑगस्ट 2019 मध्ये आणि चिपळूणने जुलै 2021 मध्ये जे सोसलं त्यानंतर तिथल्या माणसाला जड वस्तू खाली ठेवा असं सांगायला जीभ रेटत नाही. तरी सामानाची वाटणी करून पाहिली तर गाठ बरीच सुटते. जातं, पाटा, तांब्या-पितळेची भांडी, फरश्या, लोखंडी अवजारं या माळ्यावरच्या सर्वांत जड वस्तू, आणि पुराच्या पाण्याने त्यांचं जवळपास काही बिघडत नाही. धुऊन पुसून त्या परत वापरता येतात. कागदपत्रं, औषधं, कपडे, चार-सहा दिवसांचा शिधा हे पाण्याने नासतं, आणि ते हलकं आहे. तेव्हा पुराच्या गावात जून ते सप्टेंबर माळ्याचा निदान अर्धा भाग मोकळा असावा, कारण पाणी चढलं की सामानाबरोबर माणसंही वर जातात आणि आधीच भरलेल्या माळ्यावर एकदम तीन-चारशे किलो चढतात. नवं घर बांधणाऱ्याने अशा ठिकाणी माळा राहत्या मजल्याच्या ताकदीचाच करून घ्यावा. खर्च वाढतो, पण इथे तो वाया जात नाही.

वजनाची चाळणी लावून झाली की उरलेल्या वस्तूंपैकी काहींना हलक्या असूनही वर जागा नाही. आग लागली तर सगळ्यांत तापलेला धूर छताखालीच जमतो आणि लॉफ्ट त्याच थरात असतो. थिनर, उरलेला तेलरंग, रॉकेल, फवाऱ्याचे डबे, दिवाळीतले उरलेले फटाके, फुगलेल्या बॅटरीचे जुने मोबाइल यांतलं काहीही तिथे नको; वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या छताखाली तर मुळीच नको, कारण विदर्भात बाहेर पारा 45 अंशांवर असताना पत्र्याखालची हवा त्याहून खूप तापते. गॅसचा जादा सिलिंडर स्वयंपाकघराच्या लॉफ्टवर ठेवणारी घरं आहेत. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, आणि तो गळला तर गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली, शेगडीच्या दिशेने उतरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं उलट: चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो हलका असल्यामुळे छताखालच्या बंद जागेत साठतो, शिवाय बॅटरी स्वतः पन्नास-साठ किलोची आणि आत आम्ल. दोघांचीही जागा जमिनीवर, हवेशीर कोपऱ्यात. कागदपत्रं आणि चांगले कपडे माळ्यावर ठेवायचेच असतील तर बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच अंतर सोडावं, पावसाळ्यानंतर एकदा ऊन द्यावं. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली की ती वाळवीची वाट असते आणि तिथे डांबरगोळ्यांचा काही उपयोग नसतो.

माळ्यापर्यंत पोचणाऱ्या माणसाचाही विचार या हिशेबात यायला हवा. राष्ट्रीय इमारत संहितेत लॉफ्ट म्हणजे दोन मजल्यांमधली, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची आणि कायमची वाट नसलेली जागा. वाट नाही म्हणून आपण प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढतो, टाचा उंचावतो आणि डोक्यावरून खोकं ओढतो. वर ठेवलेलं कुठलंही एक खोकं आठ किलोंहून जड नसावं, असा नियम मी सुचवेन. इमारतीला नसेल पण खांद्याला आणि कंबरेला ती मर्यादा आहे, आणि साठीनंतर ती आणखी कमी होते. यात एक पेच येतो. कॅन्टिलिव्हरला जड वस्तू मागे, भिंतीलगत हवी. माणसाला ती पुढे, हाताशी हवी. दोघांचं जमवायचा मार्ग एकच, जड वस्तू वर नसणं. घडीची ॲल्युमिनियमची शिडी घरात असावी आणि एकाने ती धरावी. टेकवायची शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, या प्रमाणात लावावी.

ब्रिटनमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक वेगळी सूचना. तिथला लॉफ्ट म्हणजे उतरत्या छपराखालची मोठी पोकळी, आणि ती पाहून इकडचा माणूस हरखून जातो. 1960 च्या दशकानंतरच्या बहुतेक घरांत ते छप्पर कारखान्यात बनवलेल्या बारीक लाकडी कैच्यांवर उभं असतं, आणि त्या कैच्यांच्या खालच्या पट्ट्या दर चौरस मीटरला फक्त 25 किलो साठवणीच्या भारासाठी आखलेल्या असतात. आपल्या खोलीच्या जमिनीसाठी धरलेल्या भाराचा आठवा हिस्सा. शिवाय तिथे उष्णतारोधक लोकरीचा 270 मिलिमीटरचा थर सुचवलेला असतो; त्यावर फळ्या दाबून बसवल्या की थर चेपतो आणि घराची ऊब जाते. फळ्या उंच पायांवर बसवाव्या लागतात आणि कैचीचं एकही लाकूड कापायचं नसतं.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. तपासणारा इंजिनीअर घरात येतो, खांब पाहतो, ओल पाहतो आणि सामानाने भरलेल्या लॉफ्टखालून निघून जातो. पुढच्या वेळी तो येण्याआधी लॉफ्ट रिकामा करून ठेवा, शिडी लावून भिंतीलगतची वरची बाजू त्याला दाखवा, आणि प्रत्येक लॉफ्टवर किती किलोपर्यंत सामान चालेल हा आकडा अहवालात लिहून मागा.